कोरा नमुना

आमच्या तालुक्यात सोनेगाव नावाची तीन गावं.
तिन्हींत सोनं नाही.
निघालं तर मोहटोल्याच्या पडीक टेकाडाखाली निघालं,
जिथं गुरंसुद्धा नाइलाजानं चरायची.

निघालं म्हणजे, अजून काहीच नाही.
दोनशे बारा पिशव्या ट्रकनं हैदराबादला गेल्या
त्याला आज एकोणपन्नास दिवस.
मी टपाल कचेरीत बसतो,
दिवस मोजायचाच पगार घेतो.

मंडई झाली, दंडार झाली,
रात्रभराचं नाटक झालं, खलनायक मेला,
धान चुरून झाला.
अहवाल नाही.

आम्ही अकरा जण.
राइस मिलवाले ताराचंद कापगते, सहा लाख.
हटवार बाई, त्यांची अर्धी ग्रॅच्युइटी.
झंझाड कंपाउंडर, आकडा सांगत नाही.
माझे दोन,
जे बायकोच्या हिशेबात अजून सव्वा आहेत.

"टनाला एक ग्रॅम आलं तरी पुढचं बघता येईल,"
भूगर्भवाल्या नाझनीन मॅडम म्हणाल्या होत्या.
कापगतेंनी जागच्या जागी तर्जुमा केला:
टन म्हणजे पन्नास किलोची वीस पोती.
वीस पोती एचएमटी, अन् त्यात
सोन्याचे दाणे पन्नास.
"एवढे तं जी माह्या मिलीत चिमण्याच खाऊन जातेत."
हसलो सगळे.
त्या रात्री मी पत्रं तोलायच्या काट्यावर
एक ग्रॅम तांदूळ घातला.
बावन्न दाणे भरले.
परत डब्यात टाकायला हात धजेना.

उरलेला दगड कापगतेंच्या गोदामात आहे,
कोंड्याच्या पोत्यांना टेकून,
काकडीसारखा गोल कापलेला,
पेटीवर खडूनं लिहिलेली खोली: एकशे चार मीटर, एकशे पाच.
झंझाड रोज रात्री टॉर्च घेऊन जातो.
परवा ओरडतच आला, चमकते म्हणून.
भुरा सोनवाने मशीनवर पाइप जोडायचा,
त्याच्या आजोबांनी वैनगंगेची वाळू धुतली जन्मभर.
त्यानं पाहिलं आणि म्हणाला,
"अभ्रक होय भाऊ. सोनं असा डोळा नाही मारत."
भुराला दिवसाचे साडेचारशे मिळाले, दर शनिवारी, रोख.
या टेकाडाशी ज्याचा हिशेब चुकता झाला
असा तो एकटाच.

तिकडे म्हणे दगडाचं पीठ करतात,
शिशासोबत वितळवतात,
मग हाडांच्या राखेची एक वाटी
सगळं शिसं पिऊन टाकते.
मागं टाचणीच्या डोक्याहून बारीक मणी उरतो.
किंवा उरत नाही.
झोप येईना की मला ती वाटी दिसते.
तिला काहीही चालतं.
मी तिच्यात पोरीची बी.एड.ची फी टाकतो,
सव्वा आणि दोनमधला फरक टाकतो,
ती पीत जाते.

आणि एक गोष्ट मॅडमनी जाता जाता सांगितली:
दर विसावी पिशवी कोरी असते.
रस्त्याकडेचा साधा काळा दगड, मुद्दाम घातलेला,
नंबर मात्र इतरांसारखाच.
लॅबनं त्यात सोनं दाखवलं, तर लॅब खोटी.
तेव्हापासून मी मीटिंगमध्ये
अकरा चेहरे मोजतो.

आज दुपारी, तार बांधून झाल्यावर,
मॅडमचा फोन आला.
कापगतेंनी स्पीकर लावला, मिल बंद करायला लावली.
"पहिलं पान आलंय," त्या म्हणाल्या.
"कोरे नमुने फक्त. सगळे बरोबर ओळखलेत.
दहाच्या दहा, काही नाही.
बाकीचं सोमवारी."

थोडा वेळ कोणी बोललं नाही.
मग हटवार बाई म्हणाल्या, "म्हणजे इमानदार आहेत."
"इमानदार आहेत जी!" झंझाड ओरडला,
आणि कापगतेंनी पोराला चौकात पिटाळलं,
अकरा प्लेट पोहे, तर्री जास्त,
भुरा दारात होता म्हणून बारा.

दहा दगडांत काहीच निघालं नाही
म्हणून आम्ही पोटभर खाल्लं.
तर्रीनं नाकं वाहत होती,
डोळे पुसताना
कोणी कोणाकडे बघत नव्हतं.